जुनिपरची अरुंद पट्टी आणि चाकांची वाट : कोल्हापूरच्या मातीत दोन्ही शेजारी कसे बसवावे

स्केटिंग करणाऱ्या मुलांसाठी गुळगुळीत काँक्रीटची वाट आणि तिच्या कडेने जुनिपर या सदाहरित झुडपाची अरुंद पट्टी ही कल्पना कागदावर फार सुरेख दिसते. जागेवर उतरल्यावर मात्र दोघांच्या गरजा एकमेकांच्या आड येऊ लागतात. चाकाला कोरडी, एकसंध आणि एकही खडा नसलेली जागा हवी असते, तर झाडाला भुसभुशीत माती, बेताचे पाणी आणि पसरायला वाव हवा असतो. कोल्हापुरात त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे वर्षाला साधारण १००० मि.मी. पडणारा आणि बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळणारा पाऊस, आणि दुसरी म्हणजे पाणी पिऊन फुगणारी व उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी काळी माती.

अशा कामात बहुतेक जण सारे लक्ष झाडाच्या जातीवर आणि काँक्रीटच्या प्रतीवर देतात. माझा अनुभव असा आहे की काम टिकते किंवा बिघडते ते या दोहोंमधल्या हातभर रुंदीच्या काठावर. म्हणून आराखडा करताना आधी काठाच्या आडव्या छेदाचे चित्र काढावे, आणि वाट व पट्टी यांची मापे त्यावरून ठरवावीत.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी शहरातील एका गृहसंस्थेच्या अंतर्गत वाटेलगत मी अशी पट्टी केली होती आणि माती झाकण्यासाठी तीवर बारीक खडी पसरली होती. पहिल्याच वळिवात ती खडी वाहून वाटेवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी इनलाइन स्केट्स घालून आली, चाकाखाली जेमतेम हरभऱ्याएवढा खडा सापडला, चाक जागीच अडले आणि ती पुढे हातांवर पडली. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होते. झाडे उत्तम होती आणि काँक्रीटही उत्तम होते. काठ चुकला होता, आणि तो मी चुकवला होता.

जागेची पारख

पहिला प्रश्न पुराचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि शहराच्या सखल भागांत दिवसचे दिवस साचून राहिले. जुनिपर कोरडेपणा सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. काही दिवसांतच मुळे कुजू लागतात आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच आतून गेलेले असते. त्यामुळे जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या नेहमीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या सरकारी रेषेच्या आत असेल, तर जुनिपरचा विचार तिथेच थांबवावा. वाट करावी, पट्टीत दुसरे काही लावावे.

दुसरा प्रश्न उन्हाचा. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. इमारतीच्या उत्तर बाजूला किंवा मोठ्या वड-पिंपळाच्या सावलीत जुनिपर आतून पोकळ होत जातो.

तिसरी पारख निचऱ्याची. फूटभर लांब, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरून तो पूर्ण जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी ताशी किती पाणी उतरते ते मोजपट्टीने मोजावे. ताशी २५ मि.मी.पेक्षा कमी उतरत असेल, तर तळाशी निचरा-पाइप टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळ्या मातीत बहुतेक वेळा हेच उत्तर मिळते. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती असेल तिथे पाइप वाचू शकतो. जागा सार्वजनिक असेल, तर महानगरपालिकेची परवानगी आणि जमिनीखालून गेलेल्या जलवाहिन्या, केबल व ड्रेनेजचा नकाशा या दोन्ही गोष्टी खोदाईआधी हातात असाव्यात.

चाकाच्या नजरेतून आराखडा

स्केटबोर्डचे चाक साधारण ५० ते ६० मि.मी. व्यासाचे असते आणि लहान मुलांच्या इनलाइन स्केट्सची चाके ७० ते ८० मि.मी.ची असतात. सायकलचे चाक ज्या खाचेवरून नकळत निघून जाते, तिथे ही चाके अडतात. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेव्हर ब्लॉकच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर एक खाच तयार होते आणि वाट म्हणजे खाचांची जाळीच होऊन बसते. शहाबादी फरशीचे रुंद सांधे आणि खडबडीत पृष्ठभागही या कामाला चालत नाहीत. जागेवर ओतलेले काँक्रीट हाच योग्य पर्याय आहे.

दोन्ही दिशांनी ये-जा होणार असेल, तर वाटेची मोकळी रुंदी ३ मीटर ठेवावी, २.५ मीटरच्या खाली जाऊ नये. पट्टीची आतली रुंदी ७५० मि.मी. धरावी. ४५० मि.मी.मध्येही जुनिपर जगतो, पण मग त्याची सतत छाटणी करावी लागते आणि माळी बदलला की फांद्या वाटेवर येतात. पट्टी वाटेच्या एकाच बाजूला ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही बाजूंना पट्ट्या दिल्या, तर वाटेवरचे पावसाचे पाणी कोणत्या ना कोणत्या पट्टीत जातेच, आणि मध्ये उंचवटा देऊन ते वाटले, तर तोच उंचवटा चाकांना नडतो. एका बाजूला पट्टी आणि तिच्या विरुद्ध बाजूला गटार ठेवून, वाटेला आडवा उतार १०० ला १ असा गटाराकडे द्यावा. गटाराची जाळी चाकांच्या मार्गाबाहेर असावी. वाहते पाणी झाडांकडे वळवावे, असा आजकाल प्रघात आहे आणि इतर अनेक झाडांसाठी तो योग्यही आहे, परंतु जुनिपरला आषाढ-श्रावणात स्वतःच्या अंगावर पडणारे पाणीच पुरून उरते.

वाट जिथे संपते तिथे चार-पाच मीटर पट्टी न देता जागा मोकळी सोडावी, कारण शिकाऊ मुलांना थांबायला तेवढे अंतर लागते. ज्या ठिकाणी पायवाट किंवा गाडीरस्ता आडवा येतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे पाच मीटरपर्यंत पट्टीतील कोणतेही झाड गुडघ्यापेक्षा उंच होऊ देऊ नये. वेगात येणारे मूल आणि गेटमधून बाहेर पडणारी मोटार यांना एकमेकांची चाहूल लागण्यासाठी हा मोकळा कोन आवश्यक आहे.

काठ

काठाचे काँक्रीट १५० मि.मी. रुंद आणि किमान ३०० मि.मी. खोल असावे आणि त्याची वरची पातळी वाटेच्या पातळीशी तंतोतंत जुळावी. उंच कर्ब देण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्याने माती अडते आणि पट्टी देखणी दिसते. जिथे पट्टीपलीकडे वाहनांची वर्दळ आहे तिथे तो अवश्य द्यावा. मात्र जिथे मुले शिकतात तिथे पडणाऱ्या मुलाचे मनगट, कोपर किंवा डोके नेमके त्या उभ्या कडेवर आपटते, म्हणून तिथे सपाट काठच हवा. काठाचा पट्टीकडील कोपरा थापीने १० मि.मी. गोल करावा.

काठालगतचा वाटेचा २५० ते ३०० मि.मी. रुंदीचा पट्टा मुद्दाम थोडा खरबरीत ठेवावा. काँक्रीट ओले असतानाच त्यावर पाण्याचा हलका फवारा मारून कुंचा फिरवला की वरचा सिमेंटचा थर निघतो आणि खडी दोन-तीन मि.मी. उघडी पडते, ती पक्की रुतलेली असते, त्यामुळे सुटत नाही. चाक या पट्ट्यावर आले की आवाज बदलतो आणि पायाला बारीक थरथर जाणवते. खाली न पाहताही मुलाला कळते की काठ जवळ आला. ही गोष्ट कामगारांना एकदा नीट समजावून सांगावी लागते, नाहीतर ते कौशल्य म्हणून हाही पट्टा घोटून गुळगुळीत करून ठेवतात.

काठाला लागून मातीची पातळी ४० मि.मी. खाली असावी. यापेक्षा वर असेल तर प्रत्येक सरीबरोबर माती वाटेवर येते, आणि फार खाली असेल तर काठावरून घसरलेला पाय मुरगळतो. पट्टीच्या मध्यावर मात्र माती काठाच्या ५० मि.मी. वर असावी, म्हणजे पट्टीला माशाच्या पाठीसारखा हलका फुगवटा येतो आणि झाडाचा बुंधा कधी पाण्यात राहत नाही.

काठाच्या पट्टीकडील बाजूला शेततळ्यासाठी मिळतो तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद ६०० मि.मी. खोल उभा सोडावा. हा कागद मुळे अडवतो, पण त्याचे खरे काम वेगळे आहे. पट्टीला दिलेले पाणी आडवे झिरपून वाटेखाली गेले, तर तिथली काळी माती एका बाजूने फुगते, काँक्रीटचा तुकडा त्या बाजूने उचलला जातो आणि सांध्यावर पायरी तयार होते. तीन मि.मी.ची पायरी चालणाऱ्याला जाणवतही नाही, चाकाला मात्र ती पुरेशी घातक आहे. पावसाळ्यानंतर वाट का उचलली म्हणून गवंड्याला दोष दिला जातो, आणि कारण बहुधा हा न घातलेला कागद असतो.

वाटेचे काम

काळी माती किमान ४५० मि.मी.पर्यंत काढून टाकावी. तिच्या जागी चांगला मुरूम १५० मि.मी.च्या थरांत, बेताचे पाणी मारून, रोलरने दाबत भरावा. सगळा मुरूम एकदम टाकून वरून रोलर फिरवल्यास खालचा भाग कच्चाच राहतो. त्यावर खडी-ग्रिटचा १५० मि.मी.चा दाबलेला थर आणि त्यावर १२५ मि.मी. जाडीचे एम-२५ प्रतीचे काँक्रीट घालावे. ८ मि.मी. सळईची जाळी २०० मि.मी. अंतराने बांधून ती काँक्रीटच्या वरच्या तृतीयांशात राहील अशी ठोकळ्यांवर बसवावी. जमिनीवर पसरलेली आणि ओतताना हाताने वर ओढलेली जाळी काहीही काम करत नाही.

ट्रिमिक्स पद्धतीने जादा पाणी खेचून घेतल्यास पृष्ठभाग टणक होतो आणि धूळ सुटत नाही, आणि कोल्हापुरात हे काम करणारी माणसे सहज मिळतात. पॉवर ट्रॉवेल, म्हणजे पृष्ठभाग घोटण्याचे यंत्र, मात्र आरशासारखी चकाकी येईपर्यंत फिरवू नये, कारण अशा पृष्ठभागावर पहिल्या पावसात चालणारेही घसरतात. हात फिरवल्यावर जुन्या, झिजलेल्या पॉलिशपेपरसारखा बारीक खर लागला की थांबावे.

सांधे दर तीन मीटरवर, मशीनने कापून घ्यावेत. रुंदी ३ ते ४ मि.मी. आणि खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे ३२ मि.मी.च्या आसपास. थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी कापले तरी निभावते, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात ओतल्या दिवशीच, कड तुटत नाही इतपत काँक्रीट घट्ट होताच कापावे लागते; उशीर झाल्यास ते स्वतःच्या मर्जीने वाकडे तडकते. सांधे पॉलियुरेथेन सीलंटने पृष्ठभागाच्या एक-दोन मि.मी. खालपर्यंत भरावेत. किमान दहा दिवस गोणपाट ओले ठेवून क्युरिंग करावे. चेंबरची झाकणे वाटेत येऊ न देता पट्टीच्या टोकाला घ्यावीत.

तपासणीसाठी तीन मीटरची सरळ मोजपट्टी वाटेवर ठेवून खाली कुठेही ३ मि.मी.पेक्षा जास्त फट दिसू नये. त्यानंतर एक रिकामा स्केटबोर्ड हलकेच ढकलून द्यावा आणि डोळे मिटून ऐकावे. चांगल्या वाटेवर एकसारखी घरघर ऐकू येते आणि सांध्यावर फक्त हलकी टिचकी वाजते. जिथे खडखड होते किंवा बोर्ड तोंड फिरवतो, तिथे खडूने खूण करून ती जागा घासून घ्यावी.

पट्टी भरणे आणि एक पावसाळा थांबणे

वाटेचे काम पूर्ण होईपर्यंत पट्टीत माती भरू नये. मिक्सर धुतलेले पाणी, सांधे कापताना निघणारा राडा आणि उरलेला माल हे सगळे कामगार शेजारच्या मोकळ्या चरात टाकतात. ते सुकून तळाशी सिमेंटची पाटी तयार होते आणि तिच्यातून पाणी उतरत नाही. काठ आणि काँक्रीट झाल्यावर पट्टी ६०० मि.मी.पर्यंत पुन्हा स्वच्छ खोदून घ्यावी.

तळाशी १०० मि.मी. व्यासाचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप १०० ला १ उताराने बसवून त्याभोवती २० मि.मी. खडी भरावी आणि ती जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या) कापडात गुंडाळावी. पाइपाचे तोंड पावसाच्या पाण्याच्या चेंबरमध्ये सोडावे; ते चेंबर पावसाळ्यात तुंबत नाही ना, याची आधी खात्री करावी, नाहीतर तोच पाइप उलटे पाणी पट्टीत आणतो. वर भरायच्या मिश्रणात निम्मी तांबडी माती, तीन भाग जाड क्रश सँड किंवा चाळलेला मुरूम आणि दोन भाग पूर्ण कुजलेले शेणखत, असे दहा भागांचे प्रमाण ठेवावे. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची असल्यास ती चांगली कुजलेली असावी. ताजी मळी तापते आणि कोवळी मुळे भाजते. उद्यमनगरातील फाउंड्रीची वापरलेली वाळू स्वस्तात मिळते म्हणून काही जण पट्टीत भरतात, ते टाळावे, कारण साच्याच्या वाळूत बेन्टोनाइटची चिकणमाती किंवा रेझिन असते आणि निचऱ्यासाठी घातलेली वाळूच निचरा अडवते.

यानंतरची सूचना अनेकांना पटत नाही, पण मी तीवर ठाम आहे. काँक्रीट जानेवारी ते मार्चमध्ये करावे, पट्टी मेमध्ये भरावी आणि चाचणीची पाच रोपे सोडली तर पहिला पावसाळा तिच्यात जुनिपर लावूच नये. त्याऐवजी ताग पेरावा आणि फुलोऱ्यावर आला की कापून तिथेच गाडावा. या चार महिन्यांत माती बसते, पाणी कुठे साचते ते उघड दिसते आणि काठाखालून काही वाहत असेल तर तेही कळते. जोराच्या सरीनंतर तासाभराने छत्री घेऊन जावे आणि जिथे पाणी दिसेल तिथे खुंटी ठोकावी. ऑक्टोबरमध्ये खुंट्यांच्या जागा दुरुस्त करून मगच लागवड करावी. रोपांना हिवाळाभर मुळे धरायला वेळ मिळतो आणि पुढचा पाऊस त्यांच्यावर तयारीने येतो.

रोप निवडणे आणि लावणे

जुनिपर हा मुळात थंड आणि कोरड्या हवेचा वंश आहे. हिमालयात त्याच्या अनेक जाती आहेत आणि आयुर्वेदातील हपुषा ही त्यांपैकीच एक. आपल्याकडे नर्सरीत नुसते 'जुनिपर' म्हणून मिळते ते बहुतेकदा चिनी जुनिपर असते, आणि त्याचे उभे प्रकार काही मीटर उंच होतात. आडवे पसरणारे प्रकार हवे असतील तर तसे स्पष्ट सांगून मागवावेत. त्यांत किनाऱ्यावरच्या वाळूत वाढणारा जपानी कॉन्फर्टा आणि प्रोकम्बेन्स नाना हे उष्णतेला तुलनेने तोंड देतात. उत्तर अमेरिकेतील हॉरिझोंटॅलिस हा प्रकार चित्रांत सर्वांत सुंदर दिसत असला, तरी दमट उष्ण हवेत तो रखडतो.

नर्सरीत मोरपंखीलाही कधी जुनिपर म्हणून देतात, म्हणून रोप हातात घेऊन पाहावे. मोरपंखीच्या फांद्या उभ्या, चपट्या पंख्यांसारख्या असतात आणि तिच्या निळसर-हिरव्या फळांना आकड्यांसारखी टोके असतात. चिनी जुनिपरवर एकाच झाडाला कोवळी, सुईसारखी टोचणारी आणि जुनी, खवल्यांसारखी चिकटून बसलेली अशी दोन्ही पाने दिसतात. फळ गोल, गरदार आणि वर पांढरट मेणाचा थर असलेले असते. हे फळ मिऱ्याहून थोडे मोठे, म्हणजे नेमके त्या घातक खड्याएवढे असते. जुनिपरमध्ये नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात, त्यामुळे फळे न धरणाऱ्या झाडाच्या छाटकलमांपासून केलेली रोपे घ्यावीत.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नये. ताग पेरतानाच चाचणीची पाच रोपे आणून ती पट्टीच्या सर्वांत ओल्या वाटणाऱ्या टोकाला उंचवट्यावर लावावीत. पावसाळा संपल्यावर त्यांतील चार जरी तजेलदार असतील तरी पुढे जावे. तीन मेली, तर बुटकी मोरपंखी लावणे शहाणपणाचे आहे. करवंद किंवा ड्युरांटासारखे काटेरी पर्याय चाकांच्या वाटेशेजारी नकोत.

आंध्रातील कडियमसारख्या ठिकाणांहून येणाऱ्या रोपांची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, चिकट मातीची असते. पिशवी फाडल्यावर ती मडक्यासारखी घट्ट लागते, आणि तशीच लावल्यास भोवतीच्या सैल मातीत पाणी उतरते पण हुंडी आतून कोरडी राहते. बादलीभर पाण्यात ती अर्धा तास बुडवून बाहेरची दोन बोटे माती हाताने सोडवावी आणि गोल फिरलेली मुळे कापावीत. रोपे पट्टीच्या मधल्या ओळीत ९०० मि.मी. अंतराने लावावीत, आणि हुंडीचा माथा मातीच्या वर दोन-तीन सें.मी. राहील अशी बसवावीत. वाटेकडे झुकणाऱ्या कोवळ्या फांद्या यू आकाराच्या तारेने पट्टीच्या लांबीच्या दिशेने वळवून दाबाव्यात; पहिल्या दोन वर्षांत हे केले की पुढची निम्मी छाटणी वाचते.

माती झाकण्यासाठी काथ्याची विणलेली जाळी खुंट्यांनी पक्की करावी आणि तिच्यावर मुठीपेक्षा मोठे काळे दगड अर्धे रुतवून ठेवावेत. बारीक खडी, उसाचे पाचट किंवा भुसा यांपैकी काहीही नको.

निगा

पाणी ठिबकनेच द्यावे. प्रत्येक रोपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर पुरतात. तुषार सिंचनाने वाट ओली होते. मातीत बोट खुपसून दुसऱ्या पेरापर्यंत कोरडे लागले तरच पाणी सोडावे आणि जूनमध्ये मुख्य कॉक बंद करावा.

एप्रिल-मे महिन्यांत काँक्रीटची धग लागून लाल कोळी येतो. पाने धुळकट, पितळी दिसू लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले, तर कोळी आहे असे समजावे आणि सलग काही सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आतल्या बाजूने मारावा. त्यानंतर वाट कोरडी होईपर्यंत ती बंद ठेवावी.

छाटणी ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत, कोरड्या दिवशी करावी, कारण पावसात कापलेल्या टोकांतून करपा शिरतो. हिरवी पाने असलेल्या भागातच कापावे. जुनिपरच्या उघड्या, तपकिरी लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. कात्री वरच्या फांदीखाली तिरकी घालावी आणि पाला काठाच्या १०० मि.मी. आत राहील एवढेच काढावे. हातमोजे घालावेत, चीक काहींच्या त्वचेला चुरचुरतो. छाटलेला पाला त्याच दिवशी गोळा करून वाट झाडून घ्यावी आणि एखादा स्केट हाताने फिरवत काठाने एकदा चालत जावे. चाक जिथे अडेल तिथला खडा उचलावा आणि तो कुठून आला ते शोधून ती जागा त्याच दिवशी बुजवावी.